काठीच्या मध्यावरची कॉइल

गाडीवरच्या अँटेनाची कॉइल बुडाशी बसवायची की काठीच्या मध्यावर, यावरून आमच्या घरात सबंध आठवडा भांडण चाललं. भांडणारे दोघंच, मी आणि नवरा. घरात मी त्याला 'तुम्ही' म्हणते. लिहिताना मात्र 'तो'च म्हणणार आहे, कारण त्या आठवड्यात त्याने जो हट्ट धरला तो 'तुम्ही'ला शोभणारा नव्हता.

"मध्यावर बसोशीन तं पहिल्याच फांदीत जाईन ते," तो म्हणायचा. "मले जंगलात गाडी चालवाची आहे, तुह्या दुकानात नाई."

"अन् बुडाशी बसोली तं अर्धी ताकत कॉइलच खाईन. मंग बसा तुम्ही तिकडे बोंबलत. मले इथी ढेकळं ऐकू येईन."

त्याची जुनी जीप तेव्हा वनखात्याच्या कामाला भाड्याने लागली होती. छत्तीसगडच्या बाजूने हत्तींचा कळप आला होता आणि आमच्या धानोऱ्याच्या जंगलात चांगलाच रमला होता. आमच्याकडे वाघ ठाऊक, अस्वल ठाऊक, रानडुक्कर तर घरचंच. हत्ती मात्र लोकांनी गणपतीच्या आरतीतच पाहिलेला. तो धानाच्या बांधीत उतरला की सगळं मुळासकट जायचं, आणि माणूस आडवा आला तर माणूसही. त्यामुळे खात्याने गावोगावच्या पोरांमधून ट्रॅकर नेमले. हे ट्रॅकर कळपाच्या मागावर चालत राहायचे, कळप कुठे वळतोय ते पाहायचे आणि पुढच्या गावाला सावध करायचे. त्यांना इकडून तिकडे पोचवायचं काम नवऱ्याच्या जीपचं.

पाहणं जमत होतं, सांगणं जमत नव्हतं. डोंगराच्या पलीकडे मोबाइलला रेंज नाही, आणि खात्याचे वॉकीटॉकी पहिल्या टेकडीलाच मुके व्हायचे. शेजारच्या रेंजमध्ये, म्हणजे वनखात्याच्या पलीकडच्या हद्दीत, असाच निरोप पोचला नाही आणि बांधीत काम करणारा एक म्हातारा गेला. ही बातमी नवऱ्याने जेवताना सांगितली. जेवण झाल्यावर हात धुवून मी कपाटातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढलं. मला भीती वाटली की माझे हात काहीतरी करायला लागतात, त्यात शहाणपणा कमी आणि सवय जास्त.

ही सवय घुग्घुसची. माझे वडील तिथे कोळशाच्या खाणीवरच्या मोटरी रिवाइंड करायचे. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी आणि ओट्यावर जळालेल्या मोटरीची भेंडोळी, अशा घरात मी वाढले. इतर पोरी लोकरीच्या गुंड्या करायच्या, मी तांब्याच्या. पुढे धानोऱ्यात सून म्हणून आले, तेव्हा सासरच्यांना वाटलं, पोरगी शिलाई मशीन मागेल. मी सोल्डरिंगचा सेट मागितला. टीव्ही, रेडिओ, मोबाइल, पंप, काय येईल ते दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि जोडीला हौशी रेडिओचा परवाना काढला. नवऱ्यालाही परीक्षेला बसवलं. तो दुसऱ्या खेपेला पास झाला आणि गावभर पेढे वाटताना मात्र पहिल्या खेपेला झालो म्हणून सांगत फिरला.

जंगलात, डोंगराआड बोलायचं तर कमी फ्रिक्वेन्सीचा सेट हवा. तिथे अडचण अशी की त्या लहरीला साजेशी अँटेना ताठ उभी केली तर दहा मीटर होते. नारळाचं झाड जीपवर बांधून फिरण्यातलाच तो प्रकार. मग काठी माणसापेक्षा जरा उंच ठेवायची आणि राहिलेल्या लांबीची भरपाई तारेच्या वेटोळ्याने करायची. तीच ही कॉइल. ती बुडाशी ठेवली तर वेढे कमी लागतात आणि फांद्यांपासून सांभाळताही येते, पण ताकदीचा मोठा वाटा तिच्यातच गरम होऊन वाया जातो. मध्यावर ठेवली तर वेढे वाढतात, वजन वाढतं, काठी डुलते, पण आवाज बाहेर पडतो. माझा कौल बाहेर पडणाऱ्या आवाजाला. नवऱ्याचा कौल फांद्यांना.

जिंकले मीच. तार माझी होती.

प्लंबरकडून जाड पाइपचा तुकडा आणला, त्यावर खाचा पाडल्या. तारेबरोबर मासे धरायची नायलॉनची दोरी गुंडाळत गेले आणि शेवटी दोरी तेवढी उसवून काढली, म्हणजे दोन वेढ्यांत सारखी फट राहते. वेढे एकमेकांना चिकटले की कॉइल सुस्त होते. पस्तीसच्या आसपास वेढे झाले. टोकं डागली, काठीचे दोन तुकडे वरखाली बसवले, जीपच्या मागच्या कोपऱ्यावर उभी केली आणि मीटर लावला. काटा पाहून मी नवऱ्याला हाक मारली.

"हात जवळ न्या तिच्या. लावू नका, नुसता जवळ न्या."

त्याने नेला. काटा सरकला. हात मागे घेतला, काटा जागेवर आला.

"जवळ आलेलं बी चालत नाई हिले," तो म्हणाला. "घरातली एक कमी होती."

चांगल्या कॉइलचं असंच असतं. ती जितकी उत्तम, तितकी ठरलेल्या एकाच जागी बोलते. ओली फांदी टेकली, पत्र्याचा तुकडा जवळ आला की ती भलत्या जागी सरकते, आणि मग सेट स्वतःला वाचवायला ताकद आखडती घेतो. हे मी त्याला नीट समजावलं. तिच्या अंगाला काही लागू द्यायचं नाही, एवढं त्याने पाठ केलं. मी समाधान पावले.

पहिल्या चाचणीला नाक कापलं गेलं. तो जीप घेऊन डोंगराआड गेला, मी घरच्या सेटवर बसले. चिंचेपासून गच्चीपर्यंत माझी लांब तार ताणलेली होती. त्याचा आवाज मला आला नाही. केरळातल्या एका गृहस्थाला मात्र तो छान ऐकू आला, आणि त्या भल्या माणसाने मला इंग्रजीत कळवलं की तुमचे यजमान तुम्हाला हाका मारत आहेत. उभ्या काठीचा आवाज असा दूर जाऊन पडतो, जवळच्यांच्या डोक्यावरून. जवळ बोलायचं तर तो आभाळाकडे फेकायला हवा, म्हणजे वरून परत आपल्याच मुलखात पडतो. त्यासाठी काठी वाकवायला हवी. मग शेंड्याला दोरी बांधली. गाडी चालताना काठी उभी. थांबून बोलायचं असलं की उतरून दोरी ओढायची, काठी मागे वाकवून बंपरला गाठ मारायची. वाकवल्यावर काटा पुन्हा घसरला, तेव्हा दोन वेढे कमी केले. दुसऱ्या दिवशी डोंगराआडून नवऱ्याचा आवाज इतका स्वच्छ आला की तो खर्रा चघळत बोलतोय हे मला इथे कळलं.

त्यावरूनही भांडण झालं.

पुढे पावसाळा सरेपर्यंत हे चाललं. ठरलेल्या वेळी तो जीप थांबवायचा, काठी वाकवायचा आणि कळप कुठे आहे ते सांगायचा. मी रेंज ऑफिसला आणि गावांना फोन करायची. माझं दुकान म्हणजे हत्तींचं चौकशी केंद्र झालं होतं. लोक चार्जर घ्यायला यायचे आणि विचारायचे, "बाई, आज कुठी आहेत ते?" मी सांगायची, आणि मनात मोजायची की ते जिथे आहेत तिथून नवरा किती लांब आहे. हे मोजणं मी कुणाला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच. त्याची मान आधीच ताठ, त्यात आणखी भर कशाला.

दसरा आला. सकाळी मी दुकानातली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली. सोल्डरिंग, पक्कड, ड्रिल, मीटर, घरचा रेडिओ सेट, सगळ्यांना हळदकुंकू, एकेक झेंडूचं फूल. नवरा पहाटेच दोन ट्रॅकरांना घेऊन गेला होता. सकाळच्या वेळेला त्याचा आवाज खणखणीत आला. कळप रात्रीच नदीकडे उतरला, पावलं तिकडे गेलीत, इकडचं सारं मोकळं आहे. रेंज ऑफिसचंही तेच म्हणणं होतं. तो म्हणाला, दुपारी वाटेतल्या गावात जाईन, तिथले लोक दसऱ्याचं बोलावून राहिलेत, त्यांना सांगतो की आज निर्धास्त सोनं लुटा.

आमच्याकडे दसऱ्याला उन्हं कलली की गाव शिवेबाहेर पडतं. आपट्याची पानं तोडायची, म्हणजे सोनं लुटायचं, आणि घरोघरी वाटायचं. त्या गावाची शीव म्हणजे जंगलच. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं, सगळे वाजतगाजत त्या एकाच बैलवाटेने झाडीपर्यंत जातात. मला हे ठाऊक होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मीही त्या वाटेने गेले होते.

दुपारच्या वेळेला मी सेट लावला. खरखर. थोड्या वेळाने त्या खरखरीत काहीतरी हललं. माणसाचा आवाज आहे एवढंच कळत होतं, शब्द एकही सुटत नव्हता. पुन्हा आलं. पुन्हा. ठरल्या वेळेचं बोलणं त्याला कधीच इतकं महत्त्वाचं वाटत नसे. एकदा बोलून जमलं नाही की तो सरळ गाडी पुढे काढायचा आणि संध्याकाळी माझ्याशी हुज्जत घालायचा. आज तो सोडत नव्हता.

तो मला ऐकू शकत असणार, हे मला माहीत होतं. माझी तार मोठी, ताकद पुरी. बिघाड त्याच्या बाजूला होता, आणि बिघडलेली काठी बोलायला निकामी असली तरी ऐकायला बऱ्यापैकी चालते. मी माइक उचलला.

"ऐका. तुमचं बोलणं समजून नाई राह्यलं. मी विचारतो, तुम्ही नुसती शिट्टी मारा. हो असन तं एक, नाई असन तं दोन. समजलं असन तं मारा."

शब्दाची ताकद पसरून जाते, शिट्टीचा सूर एकवटलेला असतो. तो खरखरीतून सुईसारखा वर येतो. आणि आला. बारीक, पण आला. एक.

"कळप दिसला काय?"

एक.

"नदीकडे?"

दोन.

"मंग शिवेकडे? त्याच गावाच्या?"

शिट्टी लगेच आली. एक. आणि मग त्यावर आणखी काही शब्द, जे मला कळले नाहीत.

घड्याळाकडे पाहिलं. उन्हं कलायला लागली होती. कळप नेमका कुठे आहे, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, बैलवाटेवर की बांधीत, हे कळल्याशिवाय गावाला काय सांगणार? लोकांना दुसऱ्या वाटेने घराकडे वळवायला जावं आणि त्याच वाटेवर कळप उभा असावा, असं व्हायला नको. हो-नाहीत हे सगळं विचारत बसले तर सांज होईल. त्यापेक्षा त्याचा आवाज मोकळा करणं सोपं, असं मला वाटलं. कॉइल माझी. तिचं दुखणं मलाच कळणार.

तरी मी आधी पोलीस पाटलांना फोन लावला. त्या गावात शाळेच्या कोपऱ्यावरच रेंज असते, त्यामुळे तो लागला नाही. शेजारीण दुकानात आली होती, तिच्या हाती मोबाइल देऊन लावत राहा म्हटलं आणि पुन्हा माइक धरला.

"काठी वाकवली आहे ना?"

एक.

"तुटली, वाकडी झाली, असं काई?"

दोन.

"तार निसटली?"

दोन.

"कॉइलले फांदीगिंदी लागून आहे काय? काई लागून आहे?"

दोन.

शिट्टी आधीपेक्षा बारीक झाली होती. माझा पारा चढला. "जोरात मारा ना. पोटात अन्न नाई काय? सणाचं तं गावात जेवून आले असान."

उत्तर आलं, तेवढंच बारीक.

मी कपाळाला हात लावून बसले. काठी धड, तार धड, कॉइलला काही लागलेलं नाही, बॅटरी सकाळी ठीक. मग कॉइल सरकली कुठे? समोर माझा मीटर पडला होता, सकाळीच पूजलेला. काचेवर कुंकवाचं बोट आणि वर झेंडू. काटा वाचायला मी ते फूल बाजूला केलं आणि तशीच थांबले.

"दुपारी गावात गेले होते ना? बायायनं गाडीची पूजा केली काय?"

एक.

"काठीले हार घातला काय?"

एक.

"चमकीचा? जरीचा?"

एक.

आता सांगा, याला काय म्हणावं? कॉइलला काही लागलंय का, म्हणून विचारलं तर त्याने ठाम 'नाही' सांगितलं होतं. आणि खोटं सांगितलं नव्हतं. फांदी लागते, चिखल लागतो. देवाचा हार लागत नाही, तो घातलेला असतो. आमच्याकडच्या कुठल्याही माणसाने हेच उत्तर दिलं असतं, मीही. बायांनी गाडीला ओवाळलं असणार, आणि हार कुठे घालावा म्हणून पाहिलं असणार. काठी गुळगुळीत, तिच्यावरून हार घसरतो. मध्यावर तेवढी एक जाड जागा, नेमकी हार अडकायला. चमकीचा हार तिच्याभोवती घट्ट बांधला, म्हणजे कॉइलवर आणखी एक धातूचा वेढा चढला, तोही दोन्ही टोकं जुळलेला. त्या एका वेढ्याने माझ्या सगळ्या वेढ्यांचा घोळ केला होता.

"तो हार काढा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. खाली उतरा अन् काढून फेका."

शिट्टी नाही.

"ऐकलं काय?"

बऱ्याच वेळाने एक.

"मंग काढा ना."

पुन्हा काही नाही. खरखर चालू राहिली. मला त्याचा स्वभाव ठाऊक. गाडीवरचा लिंबू वाळून कोळसा झाला तरी अमावस्येशिवाय बदलणार नाही असा माणूस. पूजेचा हार सूर्य मावळायच्या आत काढायला त्याचा हात धजत नसणार, हे मी धरूनच चालले. आणि शेजारणीच्या फोनमध्ये ती बाई एकसारखी सांगत होती की ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर आहे.

मग मी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. "देव रागावते म्हणून बसले काय तिथी? लोकं निघतीन आता लेकरं घेऊन. तुम्हीच सांगतलं ना त्यायले, मोकळं आहे म्हणून? देवाचं मी पाहून घेतो. मेलं तरी चालन अशी काय भक्ती आहे तुमची? उतरा खाली."

बोलून माइक सोडला. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेजारीण माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत नव्हते. नवऱ्याला मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, पण बोलून झाल्यावर उत्तराची अशी वाट कधी पाहिली नव्हती. एकदा वाटलं, त्याने सेटच बंद केला.

आणि मग खरखर एकदम मागे सरली. आवाज आला. स्वच्छ, जवळ, पण अगदी हळू, माइकला ओठ लावून बोलावं तसा.

"नाल्याच्या अलीकडे आहेत. बैलवाटेवर. सारेच्या सारे, पिल्लूसंगं. लोकायले गावातून निघूच देऊ नको. जे निघाले असतीन त्यायले तळ्याच्या अंगानं वापस घ्या. तळ्याची बाजू मोकळी आहे, मी पाह्यली."

"जोरात बोला," मी म्हटलं. "समजलं, पण जोरात बोला जरा. तुम्ही कुठी आहात?"

उत्तर आलं नाही.

त्याच मिनिटाला शेजारणीने फोन माझ्या कानाशी धरला. पोलीस पाटील सापडले होते. ते शाळेच्या कोपऱ्यावर बायको-मुलांचा फोटो पाठवायला आले होते, म्हणून सापडले.

"पाटीलभाऊ, लोकं निघाले काय?"

"निघून राह्यले ना बाई. वाजंत्री पुढं गेली. सोन्याच्या शुभेच्छा—"

"कळप बैलवाटेवर आहे. वापस बोलवा. तळ्याच्या बाजूनं."

फोन चालूच राहिला. त्यात मला ते धावताना ऐकू आले. मग देवीच्या मांडवातला भोंगा, आधी गाणं, मग गाणं कापून त्यांचा धापा टाकणारा आवाज: जो जिथी असन तिथून वापस फिरा, तळ्याकडून या, बैलवाटेनं कोणी जाऊ नका. वाजंत्री थांबली. एका बाईने मोठ्याने कोणाला तरी हाक मारली. लहान मूल रडलं. असं बराच वेळ चाललं, आणि शेवटी पाटील पुन्हा फोनवर आले. म्हणाले, सगळे मोजून घेतले बाई. सगळे आहेत.

शेजारणीने पाणी आणलं. रेंज ऑफिसमधून फोन आला, साहेबांनी कौतुक केलं, गाड्या निघाल्यात म्हणाले. मी विचारलं, आमची जीप कुठे आहे? ते म्हणाले, दोन्ही ट्रॅकर नाल्याच्या वरच्या अंगाला सुखरूप आहेत, पायी गेले होते. जीपचं काही कळलेलं नाही. असेलच इकडेतिकडे.

मी पुन्हा पुन्हा हाक मारली. शिट्टी मारा म्हटलं. काही नाही. बॅटरी उतरली असेल, त्याने मुद्दाम बंद केला असेल, माझ्या बोलण्याचा राग आला असेल. तिन्ही कारणं मला पटत होती आणि एकही पटत नव्हतं. राग आला असला तर बरं, असं मी त्या दिवशी देवासमोर म्हटलं. इतका राग येऊ दे की घरी येऊन आदळआपट करील.

दिवेलागणीला जीप दारात थांबली. मी बाहेर गेले नाही. चूल पेटवायला घेतली, म्हणजे गॅसची शेगडी, आणि त्यावर उगाच भांडं ठेवलं. तो आत आला, हातपाय धुतले, देवापुढे उभा राहिला, पाटावर बसला. पँटच्या गुडघ्यांना आणि शर्टाच्या पोटावर चिखल होता. मी दोघांचं वाढलं आणि समोर बसले. वडे होते, भात होता, वरण होतं. तो खाली मान घालून जेवत होता.

"गाडी फसली होती काय?" मी विचारलं.

"नाई."

"मंग चिखल कायचा?"

"सरपटत गेलो ना. हार काढाले."

त्याने वडा मोडला.

"मोठी मादी गाडीपुढंच उभी होती. बाकीचे बाजूच्या बांबूत. मी तं बोलाले म्हणून थांबलो, काठी वाकवली, बसलो, अन् ते निघाले बांबूतून. गाडी सुरू केली असती तं संपलंच होतं. पिल्लू होतं ना तिच्यापाशी. शिट्टी मारली का कान ताठ करे ते. म्हणून बारीक मारत होतो, तोंडावर हात ठेवून, सेटचा आवाज बी कमीच ठेवला होता. बोलून झालं तसा तो बंदच केला, ते बांबूत वापस जाईपर्यंत."

"मले सांगतलं काऊन नाई?"

त्याने वर पाहिलं. खरोखर नवल वाटल्यासारखं.

"तू विचारलं ना पहिलेच, दिसला काय म्हणून. मी हो म्हणलं."

आमच्या जंगलात बांबू इतका दाट आहे की दूरचा हत्ती दिसतच नाही. दिसला म्हणजे तो अंगावरच आला. धानोऱ्यातल्या शाळकरी लेकरालाही हे कळतं. मी घुग्घुसची. तिकडे खाणीच्या कडेला उभं राहिलं की पलीकडच्या कडेवरचा ट्रक दिसतो. दिसणं म्हणजे लांब असणं, असंच माझ्या डोक्यात बसलेलं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते तसंच बसून होतं.

"मले वाटलं," तो भात कालवत म्हणाला, "तुले समजलं. अन् समजूनच म्हणून राह्यली का उतरा. लोकं आधी, असं. मी बी तसंच म्हणत होतो मनात, पण उतराले पाय होत नव्हता. तू बोलली तेव्हा झाला."

त्यात तक्रार नव्हती. बायकोने आपल्याला हत्तीपुढे उतरायला सांगितलं, विचार करून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं, असं तो मानून बसला होता. तशा मनाने तो जीपमधून उतरला होता.

त्याने भात मागितला. मी वाढायला उठायला गेले आणि मला उठता आलं नाही. मग तोच उठला, पातेलं घेऊन आला, आधी माझ्या ताटात वाढलं आणि मग स्वतःच्या.